युवराजनं आणलेली वायर

दुपारी करंट जायचा, तासा-दीड तासानं परत यायचा, आणि आला की युवराजच्या खोलीतला कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा. आधी टिक् असा बारीक आवाज, मग पंख्यांची घरघर, मग बंद दाराखालच्या फटीतून निळसर उजेड. घरघर हळूहळू चढत जायची. कुणी धावत जिना चढून यावं आणि दम लागून उभं राहावं, तसा तो आवाज व्हायचा. मग एकदम स्क्रीन काळी पडायची, आणि पंखे मात्र जिवाच्या आकांतानं फिरत राहायचे, कुणी जाऊन बटण दाबून धरेपर्यंत.

युवराजला जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते.

त्याची थोरली बहीण त्रिवेणी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला मियापूरला राहायची. कोठी भागातल्या एका दवाखान्यात ती लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे मोकळे करायचं काम करी. उन्हाळ्यात तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी गेला, म्हणून ती थोडे दिवस चिक्कडपल्लीला आईवडिलांकडे राहायला आली. आवाजाबद्दल आई फोनवर काहीबाही सांगायची, पण दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं, असं समजून त्रिवेणीनं ते फार मनावर घेतलं नव्हतं.

पहिल्याच दुपारी ती आई सत्यवतीबाईंबरोबर स्वयंपाकघरात गवार निवडत बसली होती. वरचा पंखा फिरायला लागला, फ्रिज थरथरला, आणि थोड्या वेळानं आतून टिक् झालं.

सत्यवतीबाईंनी हातातली शेंग ताटात टाकली, पदराला हात पुसले.

"आला," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

 त्रिवेणी मागोमाग गेली. खोली होती तशीच होती. टेबलावर मोठी स्क्रीन, टेबलाखाली काळी पेटी, पेटीच्या काचेतून पाझरणारा निळा उजेड, आणि त्याची ती चाकांची खुर्ची. आई खुर्चीवर बसली नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली, तो काम करत असताना बसायची तशीच, आणि अगदी रोजच्या आवाजात बोलायला लागली.

"आज गवार केलीय. तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण त्रिवेणी आलीय, तिला आवडती."

स्क्रीनवर एक रिकामी खोली दिसत होती. पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी, छताला ओळीनं दिवे. चित्र दाणेदार होतं आणि चौकोना-चौकोनानं स्वच्छ होत चाललं होतं, जणू कुणी आत बसून ती खोली पुसून काढत होतं. घरघर वाढली. वाढतच गेली. मग चित्र गेलं. काळ्या काचेत त्रिवेणीला फक्त आई दिसली, आणि दारात उभी असलेली ती स्वतः.

"रोज हितंच थकतो बघ," आई म्हणाली. "जरासंच राहिलंय त्याचं. पण होईना त्याच्यानं."

तिनं वाकून बटण दाबून धरलं. पंखे थांबले. तेव्हा त्रिवेणीला तो वास आला. प्लास्टिक जळाल्याचा, थोडा कुबट, थोडा मासळीसारखा.

बाहेर हॉलमध्ये तिचे वडील हणमंतराव पेपर धरून बसले होते. हयात वीज खात्यात गेलेला माणूस. शेजारच्या इमारतीत मीटरची वायर तापली तरी नाक वर करून हुंगत "जळायलंय कुठंतरी" म्हणत जिना उतरणारा.

"अप्पा, वास नाही येत तुम्हाला?"

"कसला?" त्यांनी पेपर खाली केला नाही.

"वायर जळाल्याचा."

"मला नाही आला," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

त्रिवेणीला त्या काळ्या स्क्रीनपेक्षा या उत्तराची जास्त भीती वाटली.

तिला एकच माणूस आठवलं. रसिका. मूळची पुण्याची, गच्चीबावलीच्या ज्या ऑफिससाठी युवराज घरून काम करायचा तिथं नोकरीला होती. अजून न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या, आतून फिरून दाखवता येतील अशा, हे त्या दोघांचं काम. दिवसकार्याला ती आली होती, कोपऱ्यात बसून गेली होती. दोघांमध्ये कामापलीकडे काही होतं का, ते त्रिवेणीनं विचारलं नव्हतं, आणि रसिकानंही कधी सांगितलं नव्हतं.

फोनवर रसिकानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मी शनिवारी सकाळी येते. तोपर्यंत तो सुरू करू नका, प्लीज."

"आम्ही कुठं सुरू करतो? करंट आला की आपसूक होतो."

"हो का? मग तसं सेटिंग असेल. बघते मी."

शनिवारी ती आली. सत्यवतीबाईंनी तिला पोहे दिले, पाणी दिलं आणि ती खोलीत शिरल्यावर पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या, राखण करावी तशा. रसिकानं कॉम्प्युटर चालू केला आणि लगेच कुठलीशी बटणं दाबून तो निळ्या-करड्या अक्षरांच्या पानावर थांबवला. बराच वेळ खाली-वर करत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "इकडे बघा. करंट गेल्यावर परत आपोआप सुरू व्हायचं, ते इथून ठरतं. हे बंद आहे. म्हणजे करंट आला तरी हा असाच पडून राहायला हवा. बटण दाबल्याशिवाय सुरूच होणार नाही."

"मग?"

"मला नाही माहीत."

आई ऐकत होती की नव्हती, कळलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

कॉम्प्युटर बंद करून रसिकानं पेटीची काच काढली. आतलं ते लांबट, जाड ग्राफिक्स कार्ड त्रिवेणी पहिल्यांदाच बघत होती. रसिकानं बोटानं दाखवलं. "हे कार्ड त्यानं जायच्या आठवड्यातच घेतलं होतं. खूप वीज खातं. त्याला वरून दोन खाचा आहेत आणि दोन्हींना वेगवेगळी केबल द्यायला हवी. त्यानं तात्पुरती एकच लावली होती. हिला पुढं दोन तोंडं आहेत, म्हणून दोन्ही खाचांत बसते. पण मागं सगळा भार एकाच वायरवर." तिनं सगळ्याला वीज पुरवणाऱ्या डब्याकडचं, पॉवर सप्लायकडचं टोक अलगद ओढलं. पांढरं असायला हवं होतं ते तोंड तपकिरी झालं होतं. एका कडेला वितळून परत थिजलं होतं.

"सुरू झाला की त्याचं अर्धवट काम आपसूक पुढं चालू होतं. त्यानंच तसं लावून ठेवलंय. एकेक चित्र पूर्ण झालं की साठवलं जातं. या शेवटच्या खोलीत दिवे फार आहेत, काच फार आहे. कार्ड पूर्ण जोर लावतं, केबलला झेपत नाही, आणि बंद पडतं. रोज त्याच चित्रावर." तिनं हातातलं टोक अंगठ्यानं पुसलं. "इतके महिने हा तेच एक चित्र काढायला बघतोय."



"दोन नवीन केबल लागतील," ती म्हणाली. "मी ही काढून ठेवते. नाहीतर घराला आग लागेल, काकू."

"हात लावायचा नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रसिकाचा हात जागच्या जागी थांबला. "जी हाय ती परत लाव. तसंच राहू दे. त्याच्या हातचंय ते."

शेवटी रसिकानं केबल परत बसवली, काच लावली, आणि जिन्यात त्रिवेणीला म्हणाली, "उद्या येते मी परत. तोवर लक्ष ठेवा."

त्रिवेणीनं लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि करंट गेला. आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी पदर अंथरून आडवी झाली. त्रिवेणी मागच्या गॅलरीत जाऊन बसली. तिथून खिडकीच्या गजांमधून युवराजची खोली दिसायची. खालच्या गल्लीत कुणीतरी ताडगोळे विकत होता. घामानं तिचा ब्लाऊज पाठीला चिकटला. आतली रिकामी खुर्ची तिच्याकडे तोंड करून होती, आणि ती थोडी वळली की काय असं तिला दोनदा वाटलं.

पंखा फिरला. करंट आला होता.

दार उघडलं. हणमंतराव आत आले. चपला त्यांनी उंबऱ्याशी काढल्या होत्या, देवघरात शिरताना काढाव्यात तशा. ते टेबलापाशी आले, एका गुडघ्यावर वाकले, बटण दाबलं. टिक्. मग तिथंच क्षणभर त्या काळ्या पेटीवर हात ठेवून राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. उठले, दार ओढून घेतलं, गेले. हॉलमध्ये पेपर फडफडल्याचा आवाज आला.

त्रिवेणीला जागचं हलता येईना. घरघर चढत गेली. आई आत आली, पलंगावर बसली, काहीतरी बोलायला लागली. आणि तेवढ्यात पेटीच्या काचेमागं एक बारीक करडी रेघ वर चढताना दिसली. धूर होता.

ती गॅलरीतून पळत आत शिरली आणि भिंतीतला प्लग उपटला.

सगळं एकदम शांत झालं. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काय केलीस गं! होत आलं होतं त्याचं!"

हणमंतराव दारात उभे होते. धुराकडे बघत होते. त्रिवेणी त्यांच्यावर ओरडली, जन्मात पहिल्यांदा. "अप्पा, तुम्ही? काल रसिकानं सांगितलं तेव्हा तुम्ही हॉलमध्येच होतात ना? तुम्हाला वास येत नव्हता? तुम्हाला?"

ते खाली बसले, दारातच, उंबऱ्यावर. सत्तरीकडं झुकलेला तो ताठ माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"येत होता," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून येत होता."

"मग?"

"तुझी आई जेवत नव्हती त्रिवेणी. तू बघितलीस ना. तोंडातून शबुद नाही, अन्नाला हात नाही. आणि एक दिवस हा आवाज झाला. ही उठली, आत गेली, बोलायली त्याच्याशी. त्या रात्री दोन घास खाल्ले हिनं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मग मी दाबायलो. करंट आला की आपोआप झालं असं वाटावं, म्हणून करंट यायची वाट बघायलो. जळायलंय, हे कळत होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरातल्या आगी थांबवल्या मी. पण हात जात होता."

त्रिवेणीनं आईकडे बघितलं. आता हे ऐकून तिचं काय होईल?

सत्यवतीबाईंनी तोंडावरचे हात काढले. "मला काय कळत नव्हतं होय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्या चपला दाराशी असायच्या. रोज."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही तरी एरवी कधी येत होतात ह्या खोलीत?"

खालचा ताडगोळेवाला पुढच्या गल्लीत गेला होता. त्याची हाक लांबून येत होती. हणमंतराव उंबऱ्यावरूनच म्हणाले, "पण पहिल्या दिवशी मी नव्हतो दाबलो."

दोघीही त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"खरं सांगायलोय. मी हॉलमध्ये खुर्चीत होतो. ही आत झोपली होती. दार बंद होतं. तो आपोआपच सुरू झाला. तेव्हा मी देखील पळत आलो, युवराज म्हणून हाक मारत."

 रसिका आल्यावर तिलाही सांगितलं. तिनं ते करडं पान परत उघडून बघावं का, असा विचार केला आणि राहू दिलं. आजतागायत त्या पहिल्या दिवसाचा उलगडा कुणाला झालेला नाही.

त्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आत सत्यवतीबाई उठल्या आणि आपल्या कपाटातून एक काळी पाठपिशवी घेऊन आल्या. त्रिवेणीनं ती ओळखली. दवाखान्यातून परत मिळालेली. एक बंद तुटलेला, एका अंगाला रस्त्यावर घासल्याचे ओरखडे.

"वायर आणायला चाललोय, आलोच, म्हणून गेला होता," आई रसिकाला म्हणाली. "कोठीला. घेतली त्यानं. येताना काचीगुड्याच्या चौकात..." पुढं तिनं वाक्य पुरं केलं नाही. पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. थैलीत काळी केबल होती, गुंडाळी अजून न सुटलेली, वरचा तारेचा वेढा तसाच. "बदलायचीच म्हणता तर ही लावा. त्यानं आणलेलीच लावा."

रसिकानं ती हातात घेतली, उलटीपालटी केली. थैलीवर नाव नव्हतं, केबलवर कंपनीची खूण नव्हती. टोक पॉवर सप्लायच्या खाचेशी धरून बघितलं, बरोब्बर बसत होतं. तिचा चेहरा मात्र उतरला.

"काकू, हिचं कार्डाकडचं तोंड सगळ्या कंपन्यांचं सारखंच असतं. पॉवर सप्लायकडचं नसतं. दिसायला तेच, बसतं पण, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. चुकीच्या कंपनीची लागली तर एका क्षणात कार्ड जळेल. त्यानं केलेलं काम आत आहे, त्यालाही धक्का लागेल."

"तो चुकीची कशाला आणेल? त्याला कळत नव्हतं होय ह्यातलं?"

"कळत होतं. माझ्याहून जास्त. पण खात्री नाही ना काकू."

"मला हाय खात्री." सत्यवतीबाईंनी केबल तिच्या हातातून काढून छातीशी धरली. "जीव गेला त्याचा ह्याच्यापायी. आणि तू म्हणतीस टाकून दे?"

रसिका रडायला लागली. त्रिवेणीला दोघींमध्ये कुणाची बाजू घ्यावी कळेना. ती केबल बाजूला टाकायचं म्हणजे त्याचं ते शेवटचं जाणं फुकट गेलं, असं तिलाही आतून वाटत होतं. आणि ती लावायची म्हणजे, चुकीची निघाली तर, त्याच्या हातचं उरलंसुरलं तेवढंही राख.

"व्होल्ट मोजायचा मीटर असता तर तपासता आलं असतं," रसिका नाक पुसत म्हणाली. "माझ्याकडे नाही."

हणमंतराव उठले. माळ्यावरून खाकी रंगाची जुनी पेटी काढली, आणि हॉलमधून ते थेट युवराजच्या खोलीत आले. फरशीवर मांडी घालून बसले. मीटरच्या तांबड्या-काळ्या तारा उलगडल्या, चष्मा नाकावर ओढला.

"काय काय करायचं, सांग बाळ."

रसिकानं पॉवर सप्लायच्या सगळ्या जुन्या केबली एकेक करून सोडवल्या, म्हणजे कशालाच वीज जायला नको. मोठ्या केबलच्या दोन भोकांत वाकवलेली यूपिन घालून पॉवर सप्लाय एकट्यालाच चालू करायची युक्ती तिला ठाऊक होती. मग ती आईपुढं हात पसरून उभी राहिली. सत्यवतीबाईंनी बराच वेळ बघितलं. शेवटी केबल दिली.

तारेचा वेढा सुटला. एक टोक पॉवर सप्लायमध्ये गेलं. दुसरं हणमंतरावांनी डाव्या हातात धरलं.

"ह्या ओळीत बारा व्होल्ट यायला हवेत, आणि ही ओळ शून्याची," रसिका म्हणाली. "काळी तार इथं लावा काका, तांबडी तिथं."

त्यांनी टोकं अलगद भोकांत टेकवली. मीटरवर आकडा उमटला. बारा. आणि बाराच्या आधी एक आडवी रेघ.

हणमंतरावांनी परत लावून बघितलं. रेघ तशीच.

"उलटी हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"म्हणजे चुकीची आणली त्यानं. लावली असती तर कार्ड फटकन गेलं असतं."

 आई ती केबल हिसकावून घेईल, मीटर फेकून देईल, असं त्रिवेणीला वाटलं. सत्यवतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. ते हसू होतं, हे कळायला सगळ्यांना वेळ लागला.

"कधीच नीट बघून आणला नाही," त्या म्हणाल्या. "सातवीत होता तेव्हा कोथिंबीर आण म्हटलं तर पुदिना आणायचा. कॉलेजात गेला तरी तेच. दुकानात उभा राहून दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत राहायचा. आणि आणल्यावर वर मलाच म्हणायचा, आई, सारखंच तर दिसतंय!" हसता हसता त्यांचा बांध फुटला. इतके महिने त्या स्क्रीनशी गप्पा मारत होत्या, पण रडल्या नव्हत्या. आता त्या युवराजची उशी पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडल्या. पोराला केबल उलटी निघाल्यावर कसा राग आला असता, दोन दिवस कसा धुसफुसला असता, तिसऱ्या दिवशी कसा स्वतःवरच हसला असता, ते सगळं त्यांनी रडत रडत सांगितलं. त्रिवेणीला वाटलं, आज कितीतरी दिवसांनी आई तिच्या भावाबद्दल बोलत होती. त्या आवाजाबद्दल नाही.

दोन दिवसांनी हणमंतराव आणि त्रिवेणी कोठीला गेले. रिक्षा काचीगुड्याच्या चौकात सिग्नलला थांबली तेव्हा दोघांनीही बाहेर बघितलं नाही. हणमंतरावांनी मुलीचा हात धरला आणि गुजराती गल्लीच्या तोंडाशी उतरेपर्यंत सोडला नाही. रसिकानं पॉवर सप्लायच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल सांगून ठेवलं होतं. गल्लीत वायरींची भेंडोळी दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. पहिल्या दुकानदारानं नाव ऐकल्यासारखं करून एक केबल पुढं सरकवली. "ये ले लेओ अम्मा, सब में लगती."

"सब में लगती, वही तो डर है," हणमंतराव म्हणाले आणि पुढं गेले.

गल्लीत बरंच आत एका दुकानात हवी ती मिळाली. दुकानदारानं नाव विचारून घेतलं, मॉडेल विचारून घेतलं आणि एकसारख्या दोन काढल्या, कार्डाच्या प्रत्येक खाचेला एक. हणमंतरावांनी खिशातून मीटर काढला. दुकानदार हसला, पण हरकत घेतली नाही. "चेक कर लेओ चच्चा, तसल्ली होना." तिथंच काउंटरवर ठेवलेल्या त्याच जातीच्या पॉवर सप्लायला दोन्ही जोडून बघितल्या. आकडा उमटला, आधी रेघ नव्हती. हणमंतरावांनी उगाचच पुन्हा एकदा बघितला.

रसिका रविवारी आली. करपलेली केबल निघाली, दोन नवीन बसल्या. सत्यवतीबाई पलंगाच्या कडेवर होत्या, हणमंतराव त्यांच्या शेजारी. बटण कुणी दाबायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा आईनं वाकून दाबलं.

घरघर चढली. ठरल्या जागी पोचली.  आवाज आणखी चढला नाही. एका संथ सुरात चालत राहिला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. दाणेदार चित्र चौकोना-चौकोनानं स्वच्छ होत गेलं, पूर्ण झालं, आणि त्याच्या जागी दुसरं आलं. मग तिसरं. दुपार कलली तरी कुणी उठलं नाही. आईनं तिथंच सगळ्यांना ताटं आणून दिली.

दिवेलागणीच्या सुमारास शेवटचं चित्र झालं. रसिकानं सगळी ओळीनं लावून फिल्म चालू केली. दार उघडलं आणि कुणीतरी चालायला लागलं. माणूस दिसत नव्हता, फक्त त्याची नजर पुढं सरकत होती. बैठकीची खोली, डावीकडे वळून स्वयंपाकघर, बोळ, एक झोपायची खोली. घाई नव्हती. एखाद्या कोपऱ्याशी थोडं थांबणं, मग पुढं. युवराजची चाल अशीच होती. सत्यवतीबाई पदराचं टोक तोंडात धरून बघत होत्या. शेवटी ती दिव्यांची खोली आली. नजर खिडकीपाशी गेली आणि थांबली. बाहेर आकाश होतं. बराच वेळ ती तिथंच राहिली, मग स्क्रीन काळी झाली. पंखे आपले आपण मंद झाले.

"कुणाचं घर गं हे?" आईनं विचारलं.

"एका बिल्डरचं, कोल्लूरकडे बांधायचं होतं," रसिका म्हणाली. "आता बांधून झालंही असेल. त्यांनी दुसऱ्याकडून फिल्म करून घेतली मग."

त्यानंतर करंट गेला, आला, कॉम्प्युटर निमूट पडून राहिला. पहिले काही दिवस करंट आला की सत्यवतीबाईंचा हात जागच्या जागी थांबायचा. मग त्या परत कामाला लागायच्या. कॉम्प्युटर त्यांनी रसिकाला न्यायला सांगितलं. ती नको म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "हितं तो नुसता बसून राहतो. तुझ्याकडं काम तरी करील." चुकीची केबल मात्र त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतली.

पावसाळा संपता संपता आई अचानक म्हणाली, "मला ते घर बघायचंय." हणमंतरावांनी समजावून बघितलं. घ्यायचं नाही तर कशाला जायचं? ती ऐकेना. मग एका रविवारी त्रिवेणी दोघांना घेऊन कोल्लूरला गेली. उंच इमारती, लाल माती, झाडं अजून काठीएवढीच. विक्रीच्या ऑफिसातला मुलगा टाय-बिय लावून आला, नमुन्याचा फ्लॅट दाखवतो म्हणाला.

त्यानं कुलूप उघडलं आणि "ये देखिए, लिव्हिंग रूम," म्हणायला तोंड उघडलं, तोवर सत्यवतीबाई त्याला ओलांडून आत गेल्या होत्या. डावीकडे वळून स्वयंपाकघर. बोळ. झोपायच्या खोलीच्या दाराशी त्या थोडं थांबल्या, मग पुढं. कुणाला त्यांना वाट सांगावी लागली नाही. त्यांची चाल बघून त्रिवेणीच्या मानेवर गार वारा फिरल्यासारखं झालं. आई अशी चालायची नाही. ती लगबगीनं, पाय घासत चालायची.

"आँटीजी पैले आके गए क्या इधर?" त्या मुलानं विचारलं.

"नहीं," हणमंतराव म्हणाले.

शेवटच्या खोलीत छतावर दिव्यांची ओळ होती. सत्यवतीबाई सरळ खिडकीपाशी गेल्या आणि थांबल्या. खाली रिकामे प्लॉट, लांबवर तलावाची एक चकाकती पट्टी. फिल्ममध्ये ती नव्हती, तिथं नुसतं आकाश होतं. त्या बघत राहिल्या. दोघं त्यांच्या मागं येऊन उभे राहिले, पण कुणी हाक मारली नाही.

काही वेळानं त्या थोडं उजवीकडे सरकल्या आणि आपल्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा करून दिली.